ऐनवेळचे विषय : गावच्या सभेत पोरं कुठायत?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की ग्रामसभेला किंवा आपल्या नगरसेवकाच्या ऑफिसला तुम्ही शेवटचं कधी गेलात आणि गेला नसाल तर का नाही. उत्तरं भरपूर आली आणि त्यात निम्म्याहून जास्त विशीतल्या मुलामुलींची होती, त्यामुळे 'आजकालच्या पोरांना कशाचं काही पडलेलं नाही' हे वाक्य निदान या सदरात तरी इथून पुढे चालणार नाही. त्यातले काही प्रश्न घेतेय. नावं मुद्दाम गाळलीत, कारण पत्र कोणी लिहिलं हे शोधून काढायला गावाला एक संध्याकाळ पुरते.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २६ जानेवारीला गावी होतो म्हणून आम्ही मित्र पहिल्यांदाच ग्रामसभेला गेलो. गावात पोलीस भरती आणि एमपीएससी करणारी तीसेक पोरं आहेत, त्यांच्यासाठी अभ्यासिका पाहिजे असा विषय मी मांडला. सरपंच म्हणाले, चांगली सूचना आहे, करू. टाळ्या पडल्या, चहा झाला, सभा संपली. त्याला आता बरेच महिने झाले, काहीच नाही. मग जायचं तरी कशाला?

जायचंच, पण पुढच्या वेळी तयारीने जायचं. टाळ्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदवहीत, लिहीत नाहीत रे, आणि जे प्रोसिडिंगमध्ये नाही ते सभेत घडलंच नाही असं धरून चाल.

एक काम कर, ग्रामपंचायतीत जा आणि त्या दिवसाचं प्रोसिडिंग बघायला माग. तुझ्या अभ्यासिकेबद्दल बहुतेक असं काहीतरी लिहिलेलं असेल : 'गावातील युवकांच्या विविध समस्यांवर सविस्तर चर्चा करण्यात आली.' बस, एवढंच. आता त्याच पानावर वर-खाली बघ, जी कामं खरंच होणार आहेत त्यांची भाषा वेगळी असते. ठराव क्रमांक अमुक, अमुक ठिकाणचं अमुक काम अमुक निधीतून करण्यात यावे, सूचक हे, अनुमोदक ते, ठराव सर्वानुमते मंजूर. सगळी गंमत या दोन वाक्यांच्या फरकात आहे. पहिल्या वाक्यावर कोणाला काही विचारता येत नाही, दुसऱ्यावर सहा महिन्यांनी पण बोट ठेवता येतं. त्यामुळे विषय बोलून झाला की लगेच खाली बसायचं नाही, 'ठराव लिहून घ्या, सूचक मी, अनुमोदक हा' असं म्हणायचं, आणि भाऊसाहेब लिहीत नाहीत तोवर उभं राहायचं. (ग्रामसेवक या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच राहणार.)

दुसरं म्हणजे विषय सभेत अचानक काढू नकोस. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तिच्यात विषयपत्रिका असते आणि तिच्या तळाला शेवटचा विषय ठरलेला, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. तिथपर्यंत गाडी येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात आणि उरलेल्यांचं लक्ष चहाच्या किटलीकडे असतं. म्हणून नोटीस निघायच्या आधीच दोन ओळींचा अर्ज दे, 'पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर अभ्यासिकेचा विषय घ्यावा', आणि अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन ये. पोच नसलेला अर्ज म्हणजे हवेत मारलेली गोळी.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि खरं गाडं इथेच अडतं. तू २६ जानेवारीला मागणी केलीस, पण पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे तू पोचलास तेव्हा पंगत उठायला आली होती. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने जो ग्रामपंचायत विकास आराखडा होतो त्यात काम नसेल तर सरपंच कितीही चांगला असो, पैसे कुठून टाकणार? शिवाय सगळा पैसा सगळ्याला चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचं, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाचं, उदाहरण घे, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी त्याचे ६० टक्के बंधित होते म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या बाकी कामांना. अभ्यासिका बसली तर अबंधितात बसते. दर आयोगाला ही वाटणी बदलू शकते, म्हणून चालू वर्षाचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर उघडून बघ, तुझ्या गावाचं नाव टाकलं की कुठल्या कामाला किती धरलेत आणि किती खर्च पडलाय ते दिसतं, फोनवर पाच मिनिटांचं काम आहे. आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं, घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे, त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. अभ्यासिकेत रॅम्प हवा, मुलींसाठी वेगळं टॉयलेट हवं, असं काही मागताना हे आकडे तोंडपाठ असलेले बरे. समोरचा 'निधी नाही' म्हणाला की 'कुठल्या हेडला, म्हणजे कुठल्या खात्यावर नाही?' हा प्रश्न विचारायचा, आवाज न चढवता. सभेचा सूर बदलतो, मी बघितलंय.

आता सगळ्यात भारी भाग. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, किती असते माहितीये? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे गावात १८०० मतदार असले तरी १०० पुरतात, आणि तुझी भरतीवाली तीस पोरं आली तर जवळजवळ एक तृतीयांश कोरम तुमचाच! एवढी ताकद कुठल्याच पक्षाच्या मेळाव्यात तुम्हाला कोणी देणार नाही, तिथे तुम्ही फक्त बाईक रॅलीचे आकडे असता. आणि हेही लक्षात ठेव की कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पुढच्या तारखेला पंधरावीस माणसांत सगळा गाव मंजूर होऊन जातो. तुम्ही न येणं हे पण एक प्रकारे मतच असतं, फक्त ते दुसरा कोणीतरी वापरतो.

ठराव झाला की त्याची नक्कल माग. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात अर्ज कर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. नाही आलं तर पहिलं अपील. पण माझा सल्ला विचारशील तर माहिती अधिकार पहिल्याच दिवशी काढू नको. गावात त्याचा अर्थ 'हा आपल्या मागे लागला' असाच घेतात आणि मग जी माणसं सोबत आली असती तीही बिचकतात. आधी तोंडी, मग लेखी, मग माहिती अधिकार.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. आमच्याकडे ग्रामसभेत बायका एका कोपऱ्यात बसतात आणि कोणी बोलायला उठलं की मागून पोरं हसतात. मला बोलायचंय पण तिथे नाही जमत. गावच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी लाइट नसतात, क्लासवरून येताना त्रास होतो.

आधी महिला सभेत बोल. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि तिथे जे ठरतं ते मुख्य सभेपुढे ठेवावं लागतं, हा कायदाच आहे. बऱ्याच ठिकाणी ती सभा नुसती कागदावर होते, अंगणवाडीत रजिस्टर फिरतं आणि बचत गटातल्या बायका सह्या करतात. तर तू आणि क्लासच्या दोघीतिघी त्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा आणि सांगा की सही करू पण सभा घ्या. एकदा लाइटचा विषय महिला सभेच्या कागदावर आला की दुसऱ्या दिवशी तो तुला एकटीला मांडायचा नसतो, तो गावातल्या बायकांचा विषय म्हणून वाचला जातो. हसणाऱ्यांना हसायला समोर एक चेहरा लागतो, तो त्यांना मिळत नाही.

आणि मागणी मोघम करू नको. 'महिलांच्या सुरक्षेसाठी उपाययोजना' असं लिहिलंस की एखादा फलक लागेल. 'स्टँडपासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत चार खांब आहेत, त्यातल्या तीनवर दिवे नाहीत' असं लिही, खांब तूच मोजून घे.

आपल्या राज्यात पंचायतींमधल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांना राखीव आहेत, तरी सभेत सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे मिस्टर बसून बोलतात हे चित्र अजून गेलेलं नाही. तुझ्या गावात तसं असेल तर प्रश्न बाईंकडे बघूनच विचारायचा. 'सरपंच ताई, तुम्ही सांगा.' साहेब बोलायला लागले तरी नजर हलवायची नाही.

प्रश्न : वडील म्हणतात, राजकारणात पडलास तर केस लागेल, नोकरी जाईल, भावकीत वैर येईल. त्यांचं चूक आहे असं पण म्हणवत नाही. काय करू?

वडिलांचं निम्मं बरोबर आहे. पोस्टर लावताना, मिरवणुकीत, दगडफेकीत नाव आलं तर भोगतो तो पोरगा, नेता नाही, आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी ते सगळं उगवतं. त्यामुळे कोणाच्या मागे झेंडा घेऊन पळण्याबद्दल ते बोलत असतील तर मी त्यांच्याच बाजूने.

पण ग्रामसभेत बसणं म्हणजे राजकारणात पडणं नाही. मतदार यादीत नाव आहे म्हणजे तू ग्रामसभेचा सदस्य आहेस, कोणी नेमायला लागत नाही की कोणाचा गमछा घालायला लागत नाही. वडिलांना एकदा सोबतच घेऊन जा आणि विषय असा घे की ज्यात कोणाचं घर जळत नाही, म्हणजे पाण्याच्या टाकीची सफाई, शाळेचं गळकं छप्पर असलं काहीतरी. भावकीची भांडणं अतिक्रमणाच्या आणि घरकुलाच्या यादीवरून होतात, तिथे पहिल्याच सभेत हात घालायचा नसतो.

हिवरे बाजारचं उदाहरण ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटलेत, तरी त्यातली एक गोष्ट वडिलांना सांगण्यासारखी आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे तरुण होते आणि घरच्यांनाही त्यांनी बाहेर काहीतरी करावं असंच वाटत होतं. गावातल्या तरुणांनी आग्रह धरला म्हणून ते उभे राहिले. पुढचं पाणलोटाचं काम आणि २०२० ची पद्मश्री सगळ्यांना माहिती असतं, तो आग्रह धरणाऱ्या पोरांचा विषय मात्र कोणी काढत नाही.

प्रश्न : मी पुण्यात हॉस्टेलला राहते, गाव सांगली जिल्ह्यात. मतदार यादीत नाव कुठे ठेवू?

दोन्ही चालतं, विद्यार्थ्यांना घरच्या पत्त्यावर किंवा शिकत असलेल्या ठिकाणच्या पत्त्यावर नाव ठेवता येतं, मात्र दोन्हीकडे नाही, तो गुन्हा आहे. नवीन असशील तर फॉर्म ६, नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८.

माझं मत विचारशील तर जिथल्या सभेला वर्षातून दोनदा तरी खरंच जाशील तिथे ठेव. गावचं नाव काढलंस की ग्रामसभेतली जागा पण गेली, आणि हॉस्टेलवाली पोरं शहरातल्या वॉर्डाच्या प्रश्नात फारसं घुसत नाहीत असा अनुभव आहे.

अजून एक, ज्याच्यामुळे दर निवडणुकीला बोंब होते. महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी मतदार यादी बनतच नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशीची विधानसभेची यादी घेऊन तिचे वॉर्डाप्रमाणे तुकडे करतो. त्या तारखेनंतर घातलेलं नाव त्या निवडणुकीत धरत नाहीत. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण ती वॉर्ड चुकला, विधानसभेच्या यादीत नाव असून इथून गळलं, असल्या गोष्टींसाठी. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर फॉर्म भरायला धावू नका, काही उपयोग होत नाही. यादी निवांत असताना बघून ठेवा.

प्रश्न : ग्रामसभा ग्रामसभा काय लावलंय, आम्ही महापालिकेत राहतो. आम्हाला कुठली सभा? चार-चार नगरसेवक आहेत प्रभागात, एकाला विचारलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

रागावू नका, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गावाला जे सहज मिळालंय ते शहराला मिळालेलं नाही. १९९३ ला ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती दोन महिन्यांच्या आत लागोपाठ लागू झाल्या, एक गावांसाठी एक शहरांसाठी, पण ग्रामसभा फक्त पहिलीत आली. शहराला मिळाल्या प्रभाग समित्या, त्याही तीन लाखांवर लोकसंख्या असेल तर, आणि त्यात बसतात मुख्यतः नगरसेवकच. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद आपल्या राज्याने कायद्यात केली, पण तुमच्यापैकी कोणी क्षेत्रसभेला गेलंय का? नाव तरी ऐकलंय? मला वाटतं ही गोष्ट नगरसेवकाला लेखी विचारण्यासारखी आहे, आमची क्षेत्रसभा कधी घेताय म्हणून. उत्तर येणार नाही बहुतेक, पण पन्नास पत्रं गेली तर विषय तरी होईल.

चार नगरसेवकांचं म्हणाल तर मुंबई सोडून बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. मत देताना पण चार मतं द्यायची असतात, आणि नंतर जबाबदारी चौघांची म्हणजे कोणाचीच नाही असं होतं. यावर एकच साधा उपाय, अर्ज एक करायचा आणि वर चौघांची नावं घालून चौघांकडून पोच घ्यायची. क्षेत्रीय कार्यालयाच्या अधिकाऱ्याला पण प्रत द्या. मग बोट दाखवायला कोणी उरत नाही.

खरा दरवाजा मात्र बजेटचा आहे. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात बदल करते, मग मुख्य सभा. तुम्ही मार्चमध्ये फुटपाथ मागितलात तर पुढच्या वर्षाची वाट बघा. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेते, फॉर्म भरून द्यायचा, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी त्याची जाहिरात येते. रक्कम छोटी असते आणि सुचवलेलं सगळं होतं असं नाही, पण बाक, क्रॉसिंग, बसस्टॉपचं शेड या लेव्हलची कामं निघतात. तुमच्या शहरात तसं नसेल तर नगरसेवकांना डिसेंबरच्या आत कामांची यादी द्या, त्यांना पण त्या वेळी यादीच हवी असते.

आणि मुख्य सभा बघायला प्रेक्षक गॅलरी असते, पास काढून एकदा जाऊन या. मधली काही वर्षं बऱ्याच महापालिकांत निवडून आलेलं कोणी नव्हतंच. मुंबईत मार्च २०२२ ला मुदत संपली आणि प्रशासक बसला, बाकी ठिकाणी पण तीच गत. त्या काळात अठराची झालेली मुलं नगरसेवक म्हणजे कोण हे न बघताच मोठी झाली. त्यांना स्थानिक निवडणुकीत इंटरेस्ट नाही म्हणून नावं ठेवताना हे पण आठवायला पाहिजे.

प्रश्न : मी सरपंच आहे. तुम्ही सगळे आम्हालाच बोलता. इथे आम्ही दवंडी दिली, ग्रुपवर टाकलं, तरी पोरं येत नाहीत. त्यांना स्टेटसला 'भावी सरपंच' टाकायला आवडतं, सभेत बसायला नाही.

सरपंच साहेब, 'भावी सरपंच' वरून मी पण हसले, तुमची तक्रार पटली. तरी दोनचार गोष्टी विचारते. सभा किती वाजता ठेवता? झेंडावंदन झाल्या झाल्या असेल तर ठीक, पण कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता असेल तर एमआयडीसीत जाणारा पोरगा कसा येणार? ग्रुपवर टाकता ते काय टाकता, 'सर्वांनी उपस्थित राहावे' एवढंच, की विषयपत्रिका आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च पण? कायद्याने आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत जमाखर्च, कामाचा अहवाल आणि ऑडिटच्या शेऱ्यांची उत्तरं मांडायचीच असतात, तर त्याचे फोटो दोन दिवस आधी ग्रुपवर टाका, बघा काय होतं ते. शिव्या येतील थोड्या. पण माणसं येतील.

आणि राग मानू नका, पोरांची आठवण खुर्च्या मांडायला, मंडप घालायला आणि साउंड सिस्टीम आणायला होते. समित्या बनवताना मात्र तीच ती नावं. ग्रामविकास समित्यांमध्ये पंचायतीचे सदस्य नसलेले गावकरी घेता येतात, तंटामुक्तीची समिती आहे, पाणी-स्वच्छतेची आहे. पाण्याच्या समितीत दोन पोरं घ्या आणि क्लोरीन तपासायची जबाबदारी त्यांना देऊन टाका, सोबत किट आणि वही. दर सभेला त्यांनी उभं राहून नोंदी वाचायच्या. ज्याच्याकडे वाचायला काहीतरी आहे तो सभा चुकवत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. लोक ग्रामसभेचं कौतुक करतात, पण तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालायचे. विषय आधी बसून समजून घ्यायचा, बाहेरून माहितगार बोलवायचा, वाद घालायचा, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने. तुमच्या गावात तेवढं कोणी करणार नाही हे मान्य, पण सभेच्या आदल्या रात्री देवळात अर्धा तास पोरांना विषयपत्रिका समजावून सांगायला काय हरकत आहे? बंधित-अबंधित म्हणजे काय हे तुम्ही सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी 'निधी नाही' म्हटल्यावर निदान आरडाओरडा होणार नाही.

छोट्या गावाच्या ठरावाने काय होतं असं वाटत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड बघा. मे २०२२ मध्ये त्यांनी विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं.

प्रश्न : वय २२. पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं मनात आहे, मित्र म्हणतात डायरेक्ट सरपंचाला भर. काय काय लागतं?

वय २१ पूर्ण लागतं, ते झालंय. विधानसभेला २५ लागतात, त्यामुळे कायद्याने पण तुझ्यासाठी पहिला दरवाजा हाच ठेवलाय. जन्म १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास लागते. घरी शौचालय हवं आणि ते वापरात हवं. पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नको, ही आजच भर आणि पावती जपून ठेव, छाननीत सगळ्यात जास्त अर्ज असल्या फुटकळ कारणावरून अडकतात. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात तुझा हिस्सा नको. सरकारी जागेवर अतिक्रमण नको, आणि ते तू केलेलं नसलं, कुटुंबाने केलेलं आणि तू तिथे राहतोस, तरी पद जाऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. गावठाणाबाहेर बांधलेल्या घरांचं काय ते आजोबांना विचारून घे आधी. राखीव जागेवरून लढणार असशील तर जात पडताळणीच्या मागे आत्तापासून लाग, निवडून आलेल्या कितीतरी लोकांची पदं त्या एका कागदावरून गेलीत.

सरपंचाबद्दल म्हणशील तर २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, म्हणजे पूर्ण गावात फिरायचं, पूर्ण गावाचा खर्च, आणि निवडून आलास तर पहिल्या दिवसापासून सही तुझी. तुझ्या मित्रांचं काय जातंय म्हणायला! सदस्य म्हणून आधी एका वॉर्डातून ये. पंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, त्यांच्यातला जो एक जण नमुना ५ ची रोकडवही उघडून वाचतो त्याला सगळे वचकून असतात, सरपंच धरून. आणि ते वाचायला निवडून यायची पण गरज नाही, आत्तापासून सुरू कर.

निवडणुकीचा खर्च रोजच्या रोज लिहून ठेव आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर कर, जिंकलास तरी, हरलास तरी, बिनविरोध आलास तरी. हरलेली पोरं हे विसरतात आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र होऊन बसतात.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. माझ्यासाठी काहीच नाहीये का यात?

मत नाही देता येणार आणि ठरावाला हातही नाही वर करता येणार. पण वर लिहिलेलं बरंचसं काम, खांब मोजणं, पोर्टलवर आराखडा बघणं, अर्जाचा मजकूर नीट लिहून देणं, याला वय लागत नाही. खरं सांगू का, घरातल्या मोठ्यांना ई-ग्रामस्वराज उघडून दाखवणारी मुलगी आमच्याकडच्या अर्ध्या सदस्यांपेक्षा पुढे असते. तुझ्या आजीला किंवा काकूला विषय समजावून सांग आणि महिला सभेत त्यांना बोलू दे.

सतरा पूर्ण झाली की फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. आधी फक्त १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यातल्या ज्या तारखेला तू अठराची असशील त्या वेळी नाव चढतं. ऑनलाइन भरता येतो किंवा गावात मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओकडे, बहुतेक ठिकाणी त्या अंगणवाडी ताई किंवा शाळेतले सर असतात. जन्माचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा, एक फोटो, आणि घरातल्या कोणाच्या तरी मतदार ओळखपत्राचा नंबर जवळ ठेव, फॉर्ममध्ये विचारतात.